ड्रम मोजता, तूट कोण मोजणार?

माननीय पर्यावरणमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

यंत्रावरून उतरलेला पार्ट कधीच स्वच्छ नसतो. कटिंग ऑइल, धातूचा कीस, पॉलिशिंगची पेस्ट, बोटांचे ठसे, सगळे त्याला चिकटलेले असते. ते निघाल्याशिवाय प्लेटिंग धरत नाही, रंग टिकत नाही. ही सफाई, म्हणजे डिग्रीझिंग, मी वीस वर्षे केली आणि करवून घेतली. त्या कामाबद्दल आपल्या खात्याचे लक्ष भलतीकडे आहे असे मला वाटते.

जुन्या पद्धतीची टाकी आपण पाहिली नसेल, म्हणून आधी ती सांगतो. तळाशी सॉल्व्हंट, म्हणजे तेल विरघळवणारा द्रव, उकळत असतो. ट्रायक्लोरोएथिलीन असेल तर 87 अंश सेल्सिअसला. त्याची वाफ हवेच्या साडेचार पट जड, त्यामुळे ती टाकीत तळ्यासारखी साचून राहते. वरच्या कडेला थंड कॉइल तिला अडवतात. गार पार्ट या वाफेत सोडला की त्याच्यावर दव धरते आणि तेल घेऊन खाली ओघळते. पार्ट वाफेइतका तापला की दव धरणे थांबते, काम झाले. गंमत अशी की खालचा द्रव कितीही काळा झाला तरी वाफ जवळपास शुद्धच निघते, कारण इतक्या तापमानाला तेल उकळत नाही. म्हणजे सॉल्व्हंटचा पुनर्वापर त्या टाकीत अखंड चाललेला असतो.

असे असेल तर सॉल्व्हंट संपायलाच नको. तरीही स्टोअरमध्ये नवे ड्रम येतच राहतात. जुने जाते कुठे?

तपासणीला येणारे अधिकारी आमच्याकडे टाकाऊ सॉल्व्हंटचे ड्रम मोजतात, लेबल पाहतात, सही घेतात. समजा वर्षात 10 ड्रम आले, 3 ड्रम घाण बाहेर गेली आणि टाकीतला साठा होता तेवढाच राहिला. त्या 3 ड्रमांची कागदपत्रे चोख असतात. उरलेल्या 7 बद्दल मला आजवर कोणी विचारलेले नाही. त्यातले बहुतेक हवेत गेले, आणि हवेत म्हणजे आधी टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत. बास्केट झटक्याने वर ओढली की वाफेचा थर तिच्या मागोमाग उठतो. खोलगट पार्ट उलटा न लावल्यास वाटीभर द्रव घेऊन बाहेर येतो. झाकण उघडे, वर पंखा चालू, शिफ्ट संपायला अर्धा तास आणि टार्गेट बाकी, हे चित्र मी कितीदा पाहिले याची गणती नाही. अमेरिकेच्या 1994 च्या नियमात होइस्टचा, म्हणजे बास्केट वर-खाली करणाऱ्या यंत्राचा, वेग मिनिटाला 3.4 मीटरपेक्षा जास्त नको असे लिहिले आहे. वाचायला क्षुल्लक वाटते, पण टाकीजवळ काम केलेल्याला त्याचे मोल कळते.

जे हवेत गेले नाही ते जमिनीत. ट्रायक्लोरोएथिलीनची घनता 1.46, पाण्याहून जड. ते भूजलाच्याही खाली उतरते आणि दशकानुदशके तिथेच झिरपत राहते.

बंदी घाला, असे आपले सल्लागार म्हणतील. ट्रायक्लोरोएथिलीनवर घालायलाच हवी. 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग देणारे ठरवले आहे. पण एकेक नाव खोडत बसण्याचा खेळ आम्ही पाहिला आहे. 1,1,1-ट्रायक्लोरोइथेन सुरक्षित म्हणून आले, ओझोन खाते म्हणून 1990 मध्ये मॉन्ट्रियल कराराच्या यादीत गेले. मग आले एन-प्रोपिल ब्रोमाइड, तेही मज्जासंस्थेला बाधणारे निघाले. दर वेळी टाकी तीच, उघडी. फक्त ड्रमवरचे लेबल बदलले.

बंद यंत्रे आज मिळतात. पार्ट एका कोठीत कुलूपबंद होतात, हवा उपसली जाते, निर्वातात सॉल्व्हंट कमी तापमानाला उकळते, धुणे संपल्यावर वाफ ओढून पुन्हा द्रव केली जाते, आणि आतले प्रमाण ठरलेल्या मर्यादेखाली आल्याशिवाय दार उघडत नाही. यंत्र महाग आहे, लहान कारखान्याला झेपत नाही. अनुदान द्यायचेच असेल तर दहा-बारा लहान कारखान्यांनी मिळून चालवायच्या सामाईक सफाई केंद्राला द्या. पाण्याने धुणे हाही मार्ग आहे, पण एका बाजूने बंद असलेल्या भोकात पाणी अडते, लोखंड गंजते, आणि तेल शेवटी सांडपाण्यात येते.

बाहेरून शुद्ध करून आणलेल्या सॉल्व्हंटबद्दल एक अनुभव. एकदा असा ड्रम वापरला आणि दोन दिवसांत अख्खी बॅच डागाळली. ऊर्ध्वपातन नीट झाले होते, पण आम्ल रोखणारे स्टॅबिलायझर कमी पडले होते, त्यात टाकीत अॅल्युमिनियमचा कीस. द्रव आंबट झाला. तेव्हापासून मालकाने पुनर्वापराचे नाव टाकले. त्यांना कसा दोष देऊ? प्रत्येक शुद्ध केलेल्या ड्रमसोबत आम्ल-चाचणीचा आकडा सक्तीचा असता, तर तो ड्रम आमच्या दारात आलाच नसता.

माझी मुख्य मागणी एका ओळीची आहे: कारखान्याने दरवर्षी खरेदी, साठा आणि टाकाऊ ड्रमांतले खरे सॉल्व्हंट यांचा हिशेब द्यावा आणि उरलेली तूट जाहीर करावी. टाकाऊ ड्रममध्ये तेल किती हे लपवता येते, हे मी अनुभवाने सांगतो. पण तेलाची घनता 1 च्या खाली, ट्रायक्लोरोएथिलीनची 1.46, त्यामुळे नुसत्या हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीनेही अंदाज येतो. तपासणीला येणाऱ्याच्या पिशवीत तो एक असू द्या.

आपला,
डिग्रीझिंग विभागाचा एक निवृत्त सुपरवायझर