पाइप ठोकायचा घण कसा हवा, हे निविदेत लिहा

मा. संपादक महोदय,
स. न.

रस्ता नवा डांबरला की पंधरा दिवसांत कोणीतरी तो आडवा कापतो, याबद्दल आपल्या दैनिकात वाचकांची पत्रे वरचेवर येतात. ती मी वाचतो आणि त्यांतला राग मला पटतो. पण रस्ता न कापता खालून पाइप घालण्याची सोय असूनही ती आपल्याकडे का फसते, हे कोणी लिहिलेले मला दिसले नाही. मी ते काम हाताने केले आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या गावच्या तिठ्यावर पाण्याची नवी वाहिनी रस्त्यापलीकडे न्यायची होती. रस्त्याखालून सहाशे मिलिमीटर व्यासाचा लोखंडी पाइप आरपार ठोकायचा आणि पाण्याची वाहिनी त्याच्या पोटातून न्यायची, असे ठरले. ऐकून फार बरे वाटले. सकाळीच जाऊन पाहिले, तर खड्ड्यात सहा मिलिमीटर जाडीचा पाइप, त्याच्या मागच्या तोंडावर वेल्डिंग करून बसवलेली एक चौकोनी प्लेट आणि तिच्यावर टोक रोवलेला, खोदाई यंत्राला लावलेला दगड फोडायचा ब्रेकर. मी तिथल्या मुकादमाला म्हटले, "बाबा, ह्याने पाइप आत जायचा नाही, तोंड फुटेल." तो म्हणाला, "काका, एवढा आवाज येतो, जातो कसा नाही?" दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाइप साडेचार मीटर गेला. मागचे तोंड कोबीच्या पानासारखे उलगडले होते, पहिल्या जोडाचे वेल्डिंग तडकले होते आणि पुढचे नाक जमिनीत खाली कलले होते. तिसऱ्या दिवशी रस्ता आडवा कापला. पावसाळ्यात तो चर खचला आणि शेजारची मुलगी स्कूटरवरून तिथेच पडली. हात मोडला तिचा.

मी फिटर. डिचोली तालुक्यातल्या खाणीवर सत्तावीस वर्षे कार्यशाळेत होतो. हवेवर चालणाऱ्या ड्रिलचे हातोडे उघडणे, घासणे, परत जुळवणे हेच माझे काम. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. पुढची सहा वर्षे गोव्याबाहेर पाइप रॅमिंग करणाऱ्या टोळीबरोबर हिंडलो. आडवा ठेवलेला पाइप मागून हवेच्या हातोड्याने जमिनीत घालण्याला रॅमिंग म्हणतात. त्या सहा वर्षांत तोंड उलगडलेला पाइप मी दोनदाच पाहिला आणि दोन्ही वेळा चूक हातोडा निवडण्यात झाली होती.

लोकांना वाटते, जोरात मारले की पाइप जातो. पाचशे किलोचा घण एक मीटरवरून सोडा किंवा अडीचशे किलोचा दोन मीटरवरून, ऊर्जा दोन्हीकडे सारखीच, सुमारे 4,900 ज्यूल. पण पहिला सेकंदाला 4.4 मीटर वेगाने आदळतो आणि दुसरा 6.3 मीटरने. पोलादावर पोलाद आदळले की पाइपात किती ताण उठतो ते घणाच्या वजनावर नसते, वेगावर असते. सेकंदाला एक मीटर वेगामागे जास्तीत जास्त सुमारे 40 मेगापास्कल (हे ताणाचे माप), असा हिशेब. साधे पोलाद 250 मेगापास्कलला कायमचे वाकू लागते. म्हणजे तो हलका घण पाइपाचे तोंड वाकायच्या उंबरठ्यावर नेतो आणि जड घण तेवढेच काम 180 च्या आत करतो. हेही घण चारी बाजूंनी सरळ बसला तर. प्लेटच्या मधोमध ब्रेकरचे टोक रोवल्यावर ताण कडेला कसा पोचतो, ते आमच्या तिठ्यावर सगळ्यांनी पाहिले.

वजनाने आणखी एक गोष्ट साधते. ठोका म्हणजे पाइपातून सेकंदाला पाच किलोमीटर वेगाने धावणारी लाट. हवेच्या हातोड्यात घणाचे काम आतला मागेपुढे धावणारा पिस्टन करतो. तो एक मीटर लांब असेल तर ती लाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाचे चार भाग एवढा वेळ रेटा देते. पिस्टन निम्म्या लांबीचा असेल तर वेळही निम्मा. आखूड आणि वेगवान ठोका पोलादाला इजा करतो आणि माती मात्र जागची हलत नाही. लांब ठोका मातीला सरकायला वेळ देतो. खाणीवर खोल छिद्रे पाडणाऱ्या ड्रिलचा पिस्टन लांब, सडसडीत असायचा. तसा तो का, हे मला एका वयस्क मेकॅनिकने फळ्यावर खडूने काढून समजावले होते. हे काही नवे शास्त्र नाही. इंग्लंडात जेम्स नास्मिथने 1840 च्या दशकात वाफेचा घण लाकडी खांब ठोकायला लावला तेव्हा त्याने हेच केले. हलके वजन खूप उंचावरून टाकायची जुनी रीत सोडून जड ठोकळा थोड्या उंचीवरून भराभर टाकला आणि खांबांची डोकी फुटायची थांबली.

आता आमच्या गोव्याच्या जमिनीचे. वर जांभा, कुठे चिऱ्यासारखा कडक, कुठे पोकळ. त्याखाली पांढरट-गुलाबी चिकणमाती. नदीकाठी खाजनातला, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतातला, काळा चिखल. जांभ्यात पाइप कठीण जाणार हे सगळ्यांना कळते. चिखलात तो सोपा जाणार असे सगळे धरून चालतात, आणि तिथेच वेल्डिंगे तुटतात. कारण ठोक्याची लाट पुढच्या तोंडाशी पोचली आणि तिथे अडवणारे काही नसले, तर ती उलटी फिरते आणि फिरताना दाबाची ओढ होऊन येते. दाबाला वेल्डिंग टिकते. ओढीला, त्यात जोड घाईने मारलेला असेल तर, उघडते. म्हणून मऊ जमिनीत ठोक्याची ताकद कमी ठेवायची, हवा चिमटून द्यायची, आणि घट्ट थर लागल्यावरच वाढवायची. हे वाक्य मी कितीतरी कामांवर घसा फोडून सांगितले आहे.

खऱ्या रॅमिंगच्या हातोड्याचे नाक निमुळते असते. त्याच्या आणि पाइपाच्या मध्ये शंकूच्या आकाराच्या पोलादी फाका बसतात. ठोक्यागणिक त्या घट्ट होतात आणि मार पाइपाच्या पूर्ण कडेला सारखा वाटतात. मागे पट्ट्यांनी किंवा साखळीने हातोडा पाइपाला बांधून ठेवतात. पाइपाचे पुढचे तोंड उघडे असते आणि त्याला बाहेरून, शक्य तर आतूनही, जाड पोलादी कडे वेल्ड करतात. कड्यामुळे धार वाकत नाही आणि पाइपाभोवती थोडी फट राहते, तीत बेंटोनाइटचा, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या निसरड्या चिकणमातीचा, घोळ सोडला की घर्षण कितीतरी उतरते. माती पाइपात शिरते, ती शेवटी काढायची. पाइपापेक्षा लहान धोंडा असला तर तोही पोटात घेऊन पाइप पुढे जातो. आमच्या जांभ्याला हे फार उपयोगी. अखंड कातळ लागला तर मात्र हा मार्ग नाही, आणि हातोडा पाइपाला वळवूही शकत नाही. पहिला तुकडा रुळावर लेव्हल लावून सरळ ठेवण्यात अर्धा दिवस गेला तरी तो वाया गेला असे कोणी म्हणू नये.

हवेबद्दल एवढेच. दोनशे मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर सात बार दाबाची हवा सव्वादोन टनांचा रेटा देते. धाव तीनशे मिलिमीटर असेल तर गळती धरण्यापूर्वी ठोक्याला साडेसहा हजार ज्यूल. कॉम्प्रेसर लहान किंवा होज बारीक असली की हे आकडे कागदावरच राहतात. आणि आमच्या दमट हवेत लाइनमध्ये पाणी साठते, ते पिस्टनवरचे तेल धुऊन टाकते. दर दोन तासांनी ड्रेन उघडायला एक माणूस हवाच.

मला या सगळ्याची गोडी लागली ती शाळेत असताना, पेडण्यातल्या किनाऱ्यावरच्या मामाकडे. वाळूत हातपंपाचा पाइप उतरवायचा होता. एक जण स्टुलावर उभा राहून घणाने डोक्यावर मारत होता. आटे चेपले, पाइप वाकला. मग दुसऱ्या कारागिराने पाइपाला गुडघ्याएवढ्या उंचीवर जाड क्लँप आवळला, पाइपातच ओवलेले भोकाचे वजन दोघांनी दोरीने वर ओढून त्या क्लँपवर सोडायला सुरुवात केली. मार जमिनीलगत बसू लागला, वरचा पाइप नुसता सरळ उभा राहिला. 1867-68 च्या अॅबिसिनियाच्या मोहिमेत इंग्रजी फौजेने पाण्यासाठी अशाच ठोकून बसवायच्या नळविहिरी नेल्या होत्या, हे मला खूप नंतर कळले. मामाच्या अंगणात संध्याकाळपर्यंत पाणी आले.

माझी मागणी साधी आहे. रस्त्याखालून पाइप ठोकण्याच्या निविदेत आज पाइपाचा व्यास आणि लांबी असते, हातोड्याविषयी अक्षर नसते. तिथे पिस्टनचे वजन, ठोक्याची ऊर्जा, मिनिटाला ठोके, हवेचा दाब आणि पुरवठा, फाकांची बैठक, पुढचे कडे आणि पाइपाची जाडी हे सारे लिहून मागावे. ब्रेकरने पाइप ठोकण्यास सरळ मनाई करावी. प्रत्येक जोड ठोकण्याआधी तपासावा, आणि कामाआधी दोन्ही बाजूंना माती पाहायला खड्डे घ्यावेत.

घरांचेही बघावे. चिरे मातीत रचलेल्या जुन्या भिंती आमच्या वाड्यावर रस्त्याला लागून आहेत. खाणीतल्या सुरुंगांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाची 1997 पासूनची मर्यादा आहे: लोकांच्या घरांपाशी कंपनाचा वेग 8 हर्ट्झखाली (सेकंदाला आठाहून कमी हेलकावे) सेकंदाला 5 मिलिमीटर, 8 ते 25 हर्ट्झमध्ये 10 आणि त्यावर 15. आम्ही खाणीवर कंपन मोजायचे यंत्र भिंतीशी ठेवून आकडे वाचायचो. ती मर्यादा सुरुंगांसाठी असली तरी पाइप ठोकताना तेच यंत्र ठेवायला काय हरकत आहे? फेब्रुवारीत शेजारच्या माजघरात बोटभर तडा गेला; तो त्या दोन दिवसांत गेला की आधीचा होता, हे आज कोणीच सांगू शकत नाही, कारण कोणी मोजलेच नाही.

तिठ्यावरच्या पाइपाचे उलगडलेले तोंड गॅसने कापून गवतात टाकले होते. मुकादमाला विचारून मी ते घरी आणले आहे. पडवीत ठेवले आहे. तडकलेला जोडही त्यालाच आहे, आतल्या बाजूला वेल्डिंग पोचलेच नव्हते हे स्पष्ट दिसते. निविदा लिहिणाऱ्या कोणा अभियंत्याला पाहायचे असेल तर आपल्या कार्यालयाकडे माझा पत्ता आहे. कधीही यावे, मी घरीच असतो.

आपला,
एक निवृत्त फिटर
डिचोली तालुका, गोवा