सुमे, तू विचारलंस म्हणून एवढं मोठं

प्रिय सुमे,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. बिल्डरने नवं घर मिळेपर्यंतच्या भाड्याचे चेक थांबवलेत आणि तुम्ही अजून त्या विरारच्या दोन खोल्यांतच आहात हे ऐकून फार वाईट वाटलं गं, अण्णांना तर या वयात एवढे जिने, मला रात्रभर तेच डोळ्यासमोर येत होतं. आणि शेवटी तू जे विचारलंस ना, "तिथे सिंगापूरला नेमकं काय आहे, सगळे नुसतं स्वच्छ स्वच्छ म्हणतात," त्याचं उत्तर फोनवर देता येईना म्हणून लिहायला बसले. रविवार आहे, बाहेर धो धो पाऊस आहे, इथे तसा तो कधीही येतो. विषुववृत्तापासून हाताच्या अंतरावर असल्यामुळे ऋतू असा नाहीच, बारा महिने सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. पहिल्या वर्षी मला थंडीची इतकी आठवण यायची!

देश केवढा सांगू? आपली मुंबई साधारण ६०० चौरस किलोमीटर धर, सिंगापूर ७३५ च्या आसपास. बस्स, एवढाच देश. तोही आधी एवढा नव्हता, १९६५ साली ५८१ चौरस किलोमीटर होता, बाकीचा समुद्रात भराव टाकून केलेला. मी राहते टोआ पायोला, म्हणजे साधारण मध्यावर, तर इथून कुठेही जायला तासाच्या वर लागत नाही. डोंगर म्हणशील तर बुकिट तिमाह, १६३ मीटर, आपण शाळेच्या सहलीला चढलेले किल्ले आठवले की ही टेकडीच वाटते. उत्तरेला चिंचोळी खाडी, तिच्यावर किलोमीटरभराचा रस्ता बांधलाय, त्या पलीकडे मलेशिया. पिण्याचं पाणीसुद्धा अजून तिथून पाइपने येतं, १९६२ चा करार आहे, २०६१ पर्यंतचा. तो संपायच्या आत आपल्या पायावर उभं राहायचं म्हणून हे लोक पावसाचा थेंब न् थेंब गटारांतून तलावांत नेतात, समुद्राचं पाणी गोडं करतात, आणि सांडपाणीसुद्धा इतकं शुद्ध करतात की ते पुन्हा पिता येतं, न्यूवॉटर म्हणतात त्याला. आपण चाळीत पहाटे चारला उठून नळाला बादल्या लावायचो ना, म्हणून मला इथे सगळ्यात आधी पाण्याचीच गोष्ट भिडली.

पण तुला खरं सांगायचंय ते घराचं.

माझ्या शेजारी एक चिनी आंटी राहतात, शहात्तर वर्षांच्या (इथे सगळ्या वडीलधाऱ्या बायका आंटी आणि पुरुष अंकल, रिक्षावाले काका म्हणतो तसंच). त्या लहानपणी बुकिट हो स्वीला राहायच्या, लाकूड आणि पत्र्याच्या झोपड्या, हजारो. २५ मे १९६१ ला तिथे आग लागली आणि एका दुपारीत सोळा हजाराच्या आसपास माणसं रस्त्यावर आली. सरकारचं घरबांधणी मंडळ, एचडीबी, नुकतं वर्षभरापूर्वीच निघालेलं. त्यांनी त्याच जळलेल्या जागेवर इमारती उभ्या करायला घेतल्या आणि आंटींच्या घरच्यांना वर्षभरात फ्लॅट मिळाला, एका खोलीचा, पण आत नळ, आत संडास, आत दिवा. आंटी सांगतात की त्यांची आई पहिले कित्येक दिवस उगाच नळ उघडायची, बंद करायची. हे ऐकताना मला तुझी आईच आठवली, मोरीत नवा नळ आला तेव्हाची.

त्याआधी इंग्रजांच्या काळातल्या मंडळाने बत्तीस वर्षांत तेवीस हजार घरं बांधली होती, एचडीबीने पहिल्या पाच वर्षांत पन्नास हजारांच्या वर बांधली. कसं जमलं म्हणून मी खूप विचारलं, वाचलं. एक तर १९६६ मध्ये कायदा केला की सरकार लोकांच्या हितासाठी जमीन स्वस्तात ताब्यात घेऊ शकतं, आज देशातली नव्वद टक्के जमीन सरकारची आहे. म्हणजे जमिनीचा भाव चढला तर तो फायदा एखाद्या मालकाच्या खिशात न जाता बराचसा तिजोरीत येतो. (जमीन गेलेल्यांनी तेव्हा खूप सोसलं, तेही खरंय, भाव फारच कमी दिला गेला.) दुसरं म्हणजे पीएफ. इथे त्याला सीपीएफ म्हणतात, पगारातले २० टक्के कामगाराचे आणि १७ टक्के मालकाचे, आणि १९६८ पासून त्या पैशातून घराचे हप्ते भरता येतात. म्हणजे ड्रायव्हर असो, कारकून असो, हातात रोख न देता घर विकत घेतो. आज दर दहातली जवळजवळ आठ माणसं एचडीबीच्या घरात राहतात आणि त्यातले बहुतेक भाडेकरू नाहीत, मालक आहेत. मालक म्हणजे ९९ वर्षांचे, नंतर घर सरकारचं. आंटींच्या आत्ताच्या घराची निम्म्याहून जास्त वर्षं संपलीत, मुलांना काय उरणार ही काळजी त्यांच्या बोलण्यात सारखी येते.

सुमे, आपल्या डोळ्यांदेखत लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर काय उभं राहिलं ते आठव. अण्णांनी गिरणी कामगारांच्या घरांचा फॉर्म भरला होता, किती वर्षं झाली? इथे जमीन कमी होती म्हणून ती आधी माणसांच्या राहण्यासाठी ठेवली, आणि आपल्याकडे जमीन कमी होती म्हणून ती सगळ्यात महाग विकली गेली. मला याचा फार राग येतो, इथे रोज संध्याकाळी घरी येताना येतो.

माणसं म्हणशील तर साठ लाखांच्या वर आहेत. रहिवाशांत पाऊणेक चिनी, मग मलय, आणि साधारण नऊ टक्के भारतीय, त्यात तमिळ जास्त. सरकारी भाषा चार, मलय, मँडरिन, तमिळ आणि इंग्रजी, मेट्रोत चारही लिहिलेल्या असतात, राष्ट्रगीत मात्र मलयमध्ये. १९६४ मध्ये इथे चिनी आणि मलय लोकांत दंगली झाल्या होत्या, ती भीती यांच्या मनात अजून आहे, म्हणून १९८९ पासून प्रत्येक इमारतीत कुठल्या समाजाची किती घरं असू शकतात याची मर्यादा ठरलेली आहे. आमच्या मजल्यावर चिनी आंटी, मलय कुटुंब, एक तमिळ शिक्षक आणि आम्ही. इमारतीचा तळमजला मोकळा ठेवतात, व्हॉइड डेक म्हणतात, तिथे एका शनिवारी मलय लग्न आणि पुढच्याच आठवड्यात चिनी अंत्यविधी, दोन्हीला सगळे खुर्च्या सरकवून वाट काढतात. आपल्या चाळीच्या चौकासारखंच गं. पण मर्यादेचा काच पण आहे, मलय किंवा भारतीय माणसाला घर विकायचं तर कधीकधी गिऱ्हाईकच मिळत नाही कारण चिनी लोकांचा कोटा भरलेला असतो. आणि भाड्याने घेताना तर माझाच अनुभव, दोन घरमालकांनी फोनवर नाव ऐकल्यावर सरळ सांगितलं, इंडियन नकोत, स्वयंपाकाचा वास येतो म्हणे. त्या रात्री मी जेवले नाही. आपल्याकडेही आडनाव विचारून घर नाकारतात ना, तेव्हा आपण ते किती सहज ऐकून घेत होतो.

आता सरकार. अण्णा हे मन लावून ऐकतील म्हणून त्यांना वाचून दाखव. १९५९ पासून एकच पक्ष राज्य करतोय, पीपल्स अ‍ॅक्शन पार्टी. ली क्वान यू १९९० पर्यंत पंतप्रधान, मग गोह चोक टोंग, मग ली यांचाच मुलगा वीस वर्षं, आणि मे २०२४ पासून लॉरेन्स वोंग. निवडणुका होतात, मतदान सक्तीचं आहे, २०२५ मध्ये ९७ पैकी ८७ जागा त्यांनाच, वर्कर्स पार्टीला १०. मोजणीत गडबड होत नाही, पण पेपर, टीव्ही, सभा, मोर्चा, सगळ्यावर इतके नियम की विरोधात उभं राहायला माणसाला मोठं काळीज लागतं. परवान्याशिवाय मोर्चा म्हणजे गुन्हा, होंग लिम पार्क नावाच्या एका बागेत तेवढी बोलायची सोय, तीही नोंदणी करून, आणि नागरिकांनाच.

आणि संप. अण्णांनी ८२ सालचा संप पाहिलाय, त्या दोन वर्षांत तुमच्या घरात चूल कशी पेटायची ते मी पाहिलंय. इथे २०१२ मध्ये चीनहून आणलेल्या बस ड्रायव्हरांनी पगारातल्या फरकावरून काम बंद केलं, सव्वीस वर्षांतला पहिला संप होता तो. काहींना तुरुंगात टाकलं आणि २९ जणांना परत पाठवून दिलं. युनियन आहेत पण त्या सरकार आणि मालकांबरोबर एका टेबलावर बसून ठरवतात. अण्णा म्हणतील ही कसली युनियन. मी त्यांच्याशी यावर भांडणार नाही, फक्त एवढंच सांगेन की इथल्या कारखान्यातल्या माणसाला म्हातारपणी घर सोडायची भीती नसते, आणि हे दोन्ही मला एकत्र दिसतं, एक डोळ्याआड करून दुसरं बघता येत नाही.

भ्रष्टाचार मात्र खरंच कमी आहे, पगारच मंत्र्यांना लाखो डॉलर देतात की खायची गरज पडू नये, तरी कोणी सापडला तर सोडत नाहीत. २०२४ मध्ये एस. ईश्वरन या माजी वाहतूक मंत्र्याला बारा महिन्यांची शिक्षा झाली. हे मी पेपरात वाचलं त्या दिवशी ऑफिसमध्ये कोणी मोठ्याने बोललं नाही पण सगळे तेच वाचत होते.

पैसा कुठून येतो? माझं काम शिपिंगच्या हिशोबाचं, त्यामुळे ही बाजू मला रोज दिसते. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडावर हे बेट, भारत-चीन-युरोपची जहाजं इथूनच जाणार. २०२४ मध्ये बंदरातून चार कोटी अकरा लाख कंटेनर गेले (वीस फुटी धरून), त्यातले बहुतेक इथले नाहीतच, एका जहाजातून उतरवून दुसऱ्यावर चढवायचे. ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उभी राहिले की क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते, सगळी नांगरलेली जहाजं. पण नुसत्या जागेने काही होत नाही, १९६५ मध्ये मलेशियातून बाहेर काढलं तेव्हा ली टीव्हीवर रडले होते, बाजारपेठ गेली, बेकारी होती, थोड्याच वर्षांत ब्रिटिश लष्कराचे तळसुद्धा उठणार होते. त्याआधीच, १९६१ मध्ये, अर्थमंत्री गोह केंग स्वी आणि विन्सेमियस नावाचा डच सल्लागार यांनी जुरोंगच्या दलदलीत कारखान्यांची वसाहत काढायला घेतली होती, लोक हसले होते, पहिली काही वर्षं प्लॉट रिकामेच होते. नंतर परदेशी कंपन्या आल्या, पुढे सात बेटं भरावाने जोडून तेल शुद्धीकरणाचं एक आख्खं बेट केलं, देशात तेलाचा थेंब नसताना. मग चिप, बँका, विमानतळ. १९६५ ला माणशी पाचशे डॉलरच्या आसपास असलेलं उत्पन्न आज नव्वद हजार अमेरिकन डॉलरच्या घरात आहे.

आणि हे सगळं बांधतं कोण? सकाळी सहाला मी बस स्टॉपवर असते तेव्हा उघड्या लॉरीच्या पाठीवर बसून बांगलादेशी आणि तमिळ मुलं कामावर जात असतात, हेल्मेट मांडीवर, अर्धवट झोपेत, पाऊस असला तर ताडपत्री डोक्यावर ओढून. साठ लाखांतले अठरा लाख तरी असे बाहेरून आलेले, मीही त्यातलीच, पण माझा परमिट वेगळा. या मुलांना बायको-मुलं आणता येत नाहीत, राहायचं डॉर्मिटरीत, २०२० मध्ये कोविड सगळ्यात जास्त त्या डॉर्मिटरींत पसरला कारण एका खोलीत दहा-बारा, कधी त्याहून जास्त जण झोपायचे. एचडीबीच्या इमारती तेच उभारतात आणि त्यांना तिथे घर घेता येत नाही. टेक्का मार्केटजवळ रविवारी त्यांच्यातला एक जण भेटला, पुदुक्कोट्टईचा, मोबाइलवर गावाकडच्या घराचा फोटो दाखवत होता, स्लॅब पडलाय म्हणाला, आता खिडक्या. आपले आजोबा रत्नागिरीहून गिरणीत आले तेव्हा गाळ्यात पंधरा-पंधरा जण पाळीने झोपायचे ना. मी त्याला तेच सांगितलं, मोडक्या हिंदीत, त्याला कळलं.

आंटींना मी तुझ्या घराचं सगळं सांगितलंय. त्या रोज लिफ्टपाशी विचारतात, तुझ्या फ्रेंडचं हाउस झालं का. तर आता काम सांगते ते नीट ऐक. येत्या मीटिंगला थकलेल्या भाड्याची रक्कम आणि नव्या घराचा कार्पेट एरिया लेखी माग, तोंडी काही ऐकू नकोस, करारनाम्याची प्रत मिळाली की प्रत्येक पानाचा फोटो मला पाठव, मी हिशोबाची माणूस आहे, रात्री बसून एकेक आकडा बघते. जुन्या भाडेपावत्या आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या, त्या विरारला आणल्यात की लालबागला काकांकडे राहिल्या ते आजच बघ. दिवाळीत येते आहे, अण्णांसाठी कोपीची, म्हणजे इथल्या कॉफीची, पावडर आणते, त्यांना कडक लागते ती.

तुझीच,
वैशू