पिस्तुलातला तांदळाचा दाणा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्वसंरक्षणाच्या शस्त्रांवर लेख आला होता. बाकीच्या लेखाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्या जुन्या पिस्तुलांच्या मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत) सात-आठ गोळ्या एकावर एक, एकाच ओळीत बसतात, ती ‘ऐनवेळी दगा देणारी’ म्हणून लेखकाने चार ओळींत निकालात काढली. तेवढ्यासाठी हे पत्र.

मी सैन्यात ईएमई या दुरुस्ती दलात सव्वीस वर्षं आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गावात मात्र सगळे मेजरच म्हणतात, आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. आता साताऱ्यात एका लायसन्सवाल्या दुकानात आठवड्याचे तीन दिवस दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. नोकरीत माझ्या हाताखालून गेलं ते बहुतेक दोन ओळींचं पिस्तूल, आपल्या फौजेचं ९ एमएम, १३ राउंडचं, म्हणजे गोळ्यांचं. सामान्य नागरिकाला ९ एमएम मिळत नाही. त्यामुळे दुकानात येतं ते बहुतांशी बत्तीस बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं माप), आठ गोळ्यांचं, एका ओळीचं. दोन्ही पोटं उघडून पाहिलेला माणूस म्हणून सांगतो, लेखकाने दोष उलट्या जागी चिकटवला आहे.

पिस्तूल अडतं तेव्हा दहातल्या सात-आठ वेळा गुन्हेगार मॅगझिन असतं. हा माझ्या टेबलावरचा हिशोब आहे, कुठल्या अहवालातला नाही. दूध संकलन केंद्रावर सकाळी दोन रांगा लागतात आणि खिडकीपाशी त्यांची एक करावी लागते. ढकलाढकली नेमकी तिथंच होते. दोन ओळींच्या मॅगझिनमध्ये अगदी तेच घडतं. गोळ्या आलटून-पालटून वर येतात आणि तोंडाशी एक होतात. तिथला कोन आणि स्प्रिंगचा जोर जमला तरच काम होतं. आता कंपन्यांनी ते उत्तम जमवलंय, हे मान्य. पण एका ओळीच्या मॅगझिनमध्ये तो प्रश्न मुळात नसतोच. गोळी सरळ वर येते, स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, तिला पुढे ढकलते, ती नळीत शिरते. मूठही बारीक राहते, म्हणून सदऱ्याखाली पिस्तूल दिसत नाही. रोज कमरेला लावणाऱ्याला हे फार मोलाचं.

बत्तीस बोअरची एक खोड मात्र सांगितली पाहिजे, लेखात तिचा उल्लेखच नाही. या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये गोळी पुढे-मागे हलायला जागा राहिली, तर वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे जाऊन बसते. दोघी एकमेकींत अडकल्या की वरची पुढे सरकत नाही. अशा वेळी मॅगझिनला खालून चापट मारून उपयोग नाही, स्लाइड कितीही ओढा. मॅगझिन काढून दुसरं घालणं हाच इलाज. नेहमीच्या लांबीच्या गोल नाकाच्या गोळीला हा त्रास सहसा होत नाही. नाकाला खड्डा असलेली गोळी लांबीला आखूड असते, तिला होतो.

आता आमच्या अण्णांची गोष्ट. त्यांचा पेट्रोल पंप आहे, रोजचा भरणा बँकेत स्वतः नेतात. पिस्तूल वडिलांच्या वेळचं, विलायती. अण्णांच्या नावावर चढून अकरा वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात दुकानात आले, टेबलावर पुडकं ठेवलं आणि म्हणाले, “मेजर, हे बघा की जरा. मागंच ओढंना झालंय.”

मॅगझिन काढलं, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची गोळीची जागा) रिकामं आहे ना ते बोट घालून तपासलं आणि स्लाइड ओढली. घट्ट. खोलल्यावर आत पांढरं, मेणासारखं काहीतरी साचलेलं दिसलं. बोटावर घेऊन वास घेतला तर खोबरेल! अण्णा दर महिन्याला इमाने-इतबारे घरचं खोबरेल घालत होते. थंडी पडली, तेल थिजलं, फायरिंग पिनच्या (काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या खिळ्याच्या) भोकात साबणाच्या वडीसारखं बसलं. जे वर्षानुवर्षं साचलं होतं त्याचा चिकट राळेसारखा थर झाला होता. घोडा पडला असता, पण पिन काडतुसापर्यंत जोराने पोचली असती की नाही, शंकाच.

मग मॅगझिनचा तळ उघडला. स्प्रिंगबरोबर कुंकू बाहेर आलं. त्यामागून चामड्याच्या म्यानातला भुसा आणि सगळ्यात शेवटी तांदळाचा एक दाणा. अण्णा दाण्याकडे पाहत राहिले. मग ओशाळून हसले, “खंडेनवमीची अक्षता हाय ती.” अकरा दसऱ्यांतली नेमकी कोणत्या वर्षाची, ते आम्हाला ठरवता आलं नाही. फौजेत आम्हीही शस्त्रपूजा करायचो, माझा तिला विरोध असायचं कारण नाही. पण आमच्याकडे पूजेनंतर दुसऱ्या दिवशी कोतातलं, म्हणजे हत्यारखान्यातलं, एकेक हत्यार खोलून पुसलं जायचं.

गोळ्यांची अवस्था वेगळी नव्हती. त्या कायम चामड्याच्या म्यानात, पट्ट्याच्या खणांत. पितळेवर हिरवा कळक चढलेला, कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवल्यावर चढतो तसा. मॅगझिनच्या तोंडाचा एक ओठ नखभर आत वळलेला. कधीतरी फरशीवर पडलं असणार. यात पिस्तुलाचं वय कुठे आलं? ते बिचारं अकरा वर्षं अण्णांची वाट बघत होतं.

पोलीस ठाण्यातला मुक्कामही यात धरायला हवा. २०२४ मध्ये आधी लोकसभा झाली, मग विधानसभा. दोन्ही वेळा आचारसंहितेत पिस्तूल जमा. लेबल लावलेल्या पिशवीत काही महिने पडून राहिलं. ठाण्यातल्या माणसांना मी दोष देणार नाही, शेकडो हत्यारांना तेल घालणं त्यांचं कामच नाही. पण हत्यार परत मिळाल्यावर ते उघडून बघावं, हे अण्णांना सुचलं नाही. अण्णांनाच कशाला नावं ठेवू, माझ्या टेबलावर आलेल्या एकाही लायसन्सदाराला सुचलेलं नाही.

साफसफाई करून नवी स्प्रिंग घातली. एक जादा मॅगझिन त्यांच्या पेटीत फडक्यात गुंडाळलेलं, न वापरलेलं सापडलं. मग रीतसर परवानगी घेऊन रेंजवर गेलो. आधी वडिलांच्या वेळच्या, नाकाला खड्डा असलेल्या गोळ्या, म्हटलं एकदाच्या संपवून टाकू. दोन सुटल्या, तिसरी पुढे यायचं नाव घेईना. मॅगझिन काढून बघितलं तर वर सांगितलं तेच, कडेत कड अडकलेली. त्यानंतर गोल नाकाच्या नव्या गोळ्या दोन्ही मॅगझिनमधून भरल्या. सोळाच्या सोळा गेल्या. फक्त एकदा झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकली, पण तिथे चूक अण्णांच्या मनगटाची होती. सैल धरलं की स्लाइडला मागे जायला टेकाच मिळत नाही. लहान पिस्तूल यावर लगेच रुसतं. पुढच्या वेळी मूठ आवळली, झालं.

अकरा वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच चाप ओढला होता, हे त्यांनी मला परतीच्या वाटेवर, रहिमतपूरच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा सांगितलं.

लेखकाने अमेरिकेचा दाखला दिलाय, तोही अर्धाच. अमेरिकी सैन्याने १९११ साली ब्राउनिंग या रचनाकाराचं पॉइंट ४५चं पिस्तूल घेतलं, ते सात गोळ्यांचं, एका ओळीचं. त्याआधी मार्चमध्ये त्याच्यातून ६००० गोळ्या झाडून पाहिल्या, हाताला चटका बसेल इतकं तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू. ते एकदाही अडलं नाही. १९८५ मध्ये त्याच्या जागी १५ गोळ्यांचं बेरेटा आलं, इथपर्यंत लेखक बरोबर. पण त्याच देशाच्या मरीन कोरने आपल्या खास तुकड्यांसाठी २०१२ मध्ये पुन्हा त्याच जातीची नवी पिस्तुलं कोल्ट कंपनीकडून मागवली, हे गाळलं. अर्थात ती ६००० गोळ्यांची परीक्षा फौजी गोल नाकाच्या गोळीवर आणि पाच इंची नळीवर झाली होती, हेही विसरू नये. पुढे लोकांनी नळी तीन इंचांवर आणली, वाटेल त्या नाकाच्या गोळ्या घातल्या आणि अडायला लागल्यावर शंभर वर्षांपूर्वीच्या ब्राउनिंगला शिव्या घातल्या.

माझा मुलगा टेक्सासमध्ये असतो. तिकडे गेलो होतो तेव्हा तो मला रेंजवर घेऊन गेला. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला तिथे, शिकारीचा परवाना वगैरे नसेल तर, बंदुकीला हात लावायला बंदी आहे. सव्वीस वर्षं ज्याने हेच केलं त्याने काचेमागे उभं राहून बघायचं! शेजारच्या लेनवर माझ्याच वयाचा एक गृहस्थ तेच पॉइंट ४५ चालवत होता. त्याच्याकडे सहा मॅगझिन होती आणि प्रत्येकाच्या बुडावर पांढऱ्या रंगाने आकडा घातलेला. चार नंबरने एकदा गोळी तिरकी दिली. त्याने ते बाजूला काढलं, खिशातून पेन काढून बुडावर फुली मारली आणि सरावाच्या पिशवीत टाकलं. कमरेच्या पट्ट्यावर ते पुन्हा गेलं नाही. मुलगा म्हणाला, “बाबा, काय बघताय एवढं?” काय सांगणार? आमच्या कोतात आम्ही हेच करत होतो, फक्त रंग लाल होता.

आता माझ्या विरोधात जाणारी गोष्टही सांगतो, नाहीतर लेखक सांगतीलच. २० मार्च १९७४ रोजी लंडनमध्ये ब्रिटनच्या राजकन्या ॲन यांना पळवून नेण्याचा प्रयत्न झाला. त्यांचे अंगरक्षक जेम्स बीटन यांच्याकडे वॉल्थर पीपीके होतं, एका ओळीचं, नावाजलेलं. खांद्यात गोळी लागलेली असताना त्यांनी एक फैर झाडली, ती चुकली आणि पिस्तूल अडलं. ते हातात काही नसताना राजकन्या आणि हल्लेखोर यांच्या मध्ये उभे राहिले, आणखी गोळ्या खाल्ल्या, आणि वाचले. पुढे त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला. त्यानंतर ते पिस्तूल त्या कामातून काढून टाकण्यात आलं. म्हणजे एका ओळीचं पिस्तूल अडत नाही, असं माझं म्हणणं अजिबात नाही. ते अडतं, आणि अडलं तर काय होतं ते बीटन यांना विचारावं.

म्हणूनच पोलिसांच्या ड्युटीसाठी मी आठ गोळ्यांची वकिली करत नाही. २६/११ ला मुंबईत समोर एके-४७ होत्या, तिथे कुठलंही पिस्तूल तोकडंच. ज्याला ड्युटी म्हणून गोळीबारात शिरायचंय त्याला जास्त गोळ्यांचं, आताच्या काळातलं हत्यार मिळालंच पाहिजे, आणि ते चालवायला भरपूर राउंडही. पण अण्णांना रोज दीड किलोमीटर बँकेत जायचंय. त्यांना सतरा गोळ्यांची गरज नाही. पहिली सुटेल आणि दुसरी वर येईल, एवढी खात्री हवी.

ती खात्री नवं पिस्तूल घेऊन येत नाही. आपल्याकडे नव्या लायसन्सला प्रशिक्षणाचा दाखला लागतो, हे चांगलं झालं. पण पाच वर्षांनी नूतनीकरणाला गेल्यावर कागद तपासतात, नंबर जुळवतात, संपलं. ते पिस्तूल चालतं का आणि मालकाला चालवता येतं का, हे कोणी विचारत नाही. नूतनीकरणाच्या वेळी पोलिसांच्या रेंजवर, लायसन्सदाराच्याच खर्चाने, रोज कमरेला असतं त्याच मॅगझिनमधून आठ गोळ्या झाडायला लावाव्यात. दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्या लेखकांनी हा मुद्दा लावून धरला तर त्यांच्या पुढच्या लेखावर मी तक्रारीचं पत्र पाठवणार नाही, हा शब्द.

कृपया माझं नाव छापू नये. घरात माझंही एक बत्तीस बोअरचं आहे आणि ते सगळ्या तालुक्याला कळायची गरज नाही.

आपला,
एक निवृत्त आर्मरर,
कोरेगाव (जि. सातारा)

ता.क. : खंडेनवमीला मॅगझिन काढून, चेंबर रिकामं करून मगच पूजा करावी. गंध मुठीच्या लाकडाला लावावं. हळद-कुंकू आणि अक्षता म्यानावर वाहाव्यात, देवी रागावत नाही. आणि खोबरेल डोक्यालाच लावावं.