गजू, तुझ्या गिटारला कानस लावली नाही

ता. दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय गजू,

गिटार माझ्याकडे ठेवून जाताना तू म्हणालास, "वर आलेले स्क्रू कानशीनं घासून टाक, बस." मी कानस लावली नाही. त्याऐवजी काय केलं ते नीट लिहितो, कारण पुढे हे वाद्य तुलाच सांभाळायचं आहे.

तुझा हात पाहिला तेव्हाच जीव कळवळला गड्या. तारा दाबून वाजवताना तळव्याची जी कड ब्रिजवर, म्हणजे तारा अडकवलेल्या धातूच्या बैठकीवर टेकते, तिथेच स्क्रू टोचून ओळीनं लाल ठिपके. तुळशीचं लग्न झालं की तुझ्या तारखा सुरू होतील, रात्र रात्र वाजवावं लागेल. हात दुखला की तो नकळत ब्रिजवरून उचलला जातो आणि दाबून वाजवलेल्या सुराचा ठोकाच निघून जातो. म्हणून हे काम मला किरकोळ वाटत नाही. इलेक्ट्रिक गिटार बनवणारा लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नव्हता, पण वाजवणाऱ्यांचं तो ऐकायचा. 1954 च्या त्याच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला छातीकडून आणि कोपराखालून उतार दिला तो अंगाला कड टोचू नये म्हणूनच. तुझी गिटार त्याच घडणीची आहे. मग तिनं तळव्याला का टोचावं?

ब्रिजवर प्रत्येक तारेखाली तार पेलणारा एक छोटा तुकडा, म्हणजे सॅडल, आणि त्यात दोन बारीक ग्रब स्क्रू, हे तुला माहीत आहे. स्क्रूची टोकं खालच्या पत्र्यावर टेकतात आणि सॅडल त्यांच्यावर उभं राहतं. सॅडल जितकं खाली घ्यावं तितके स्क्रू त्याच्या वर डोकं काढतात. म्हणून स्क्रू वर दिसला की आधी विचारायचं, स्क्रू लांब आहे की सॅडलच फार खाली गेलं आहे? तुझ्या गिटारमध्ये दोन्ही होतं. सगळे बाराच्या बारा स्क्रू 10 मिलिमीटरचे. कडेच्या दोन तारांचे जवळपास 3 मिलिमीटर वर आलेले, मधल्या चार तारांचे साधारण निम्मे. फिंगरबोर्डला, म्हणजे बोटांनी तारा दाबतो त्या फळीला, बाक असतो, त्या बाकाप्रमाणे मधल्या तारा उंच आणि कडेच्या खाली ठेवाव्या लागतात. त्यामुळे कडेचे स्क्रू नेहमीच जास्त टोचतात. कडेला 8 चे आणि मध्ये 10 चे हवेत, पण तुझ्या गिटारला सगळीकडे एकच माप ठोकलेलं होतं.

नुसते आखूड स्क्रू टाकले असते तर टोचणं थांबलं असतं, पण सॅडल पत्र्याला चिकटूनच राहिलं असतं. पुढे तार आणखी खाली घ्यायची म्हटली तर जागाच नाही. मूळ कारण नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याच्या, कोनात होतं. नेक किंचित मागे झुकली की तारा फिंगरबोर्डजवळ येतात, मग सॅडल वर उचलावं लागतं आणि स्क्रू आपोआप आत जातात. त्यासाठी नेक ज्या खाचेत बसते, तिच्या पिकअपकडच्या, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाकडच्या, टोकाखाली पातळ पाचर द्यायची. फेंडरच्या मापाप्रमाणे तिथे पाव मिलिमीटर दिलं तर ब्रिजकडे साधारण 0.8 मिलिमीटर उचलायला मिळतं. मला दीडेक मिलिमीटर हवं होतं, म्हणजे पाचर अर्ध्या मिलिमीटरची.

बरेच जण तिथे व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सारतात. चालतं ते, पण बाकी खाच पोकळ राहते, आणि लाकडाला लाकूड पूर्ण भिडलेलं मला बरं वाटतं. म्हणून गावातल्या सुताराकडे गेलो. त्यानं सागाची एक चिपटी काढली आणि विचारलं, "भाऊ, यवढी पातय पट्टी कायले पायजे?" गिटारसाठी म्हटल्यावर त्यानं ती स्वतःच रंध्यावरून फिरवून दिली. मग काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवून मी ती घासत बसलो. एका टोकाला अर्धा मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला कांद्याच्या पापुद्र्याइतकी. बोटानं दाब एकीकडे जास्त पडला की सागाचा रंग त्या बाजूला फिका दिसू लागतो, त्यावरून कळतं कुठे थांबायचं. नेकच्या चार स्क्रूंसाठी भोकं पाडली आणि बसवून टाकली. तारा पूर्ण सैल केल्या की मागच्या स्प्रिंगा ब्रिज ओढून घेतात, म्हणून नेक काढण्याआधी ब्रिजच्या ठोकळ्याशी लाकडाचा तुकडा अडकवला होता. नेक सरळ होती, म्हणून तिचा बाक सुधारणाऱ्या आतल्या ट्रस रॉडला हात लावला नाही.

आता 17 व्या फ्रेटवर, म्हणजे फिंगरबोर्डवरच्या सतराव्या धातूच्या पट्टीवर, तार 1.6 मिलिमीटर उंच आहे. मधले स्क्रू सॅडलच्या बरोबरीला आले. कडेच्या दोन तारांना मी 8 चे स्टेनलेस टाकले, ते अर्धा मिलिमीटर आत बसलेत. तळवा फिरवून पाहिला, काहीच लागत नाही.

कानशीला नाही का म्हणालो, तेही सांगतो. ब्रिजवर लोखंड घासलं की कीस थेट पिकअपच्या चुंबकाला जाऊन बसतो आणि मग निघता निघत नाही. शिवाय वरचं टोक घासलं की चावीचं षटकोनी भोक उथळ होतं, आणि पुढच्या वेळी तो स्क्रू फिरतच नाही. घासायचाच असेल तर स्क्रू काढून, खालचं टोक, आणि गिटारपासून लांब.

चावीचंही लक्षात ठेव. तुझे स्क्रू एम-3, म्हणजे 3 मिलिमीटर जाडीचे आहेत, त्यांना 1.5 मिलिमीटरचीच ॲलन की लागते. अमेरिकन फेंडरला बहुतेक 0.050 इंचाची, म्हणजे 1.27 मिलिमीटरची. ती तुझ्या स्क्रूत सैल बसते आणि भोकाचे कोपरे खाऊन टाकते. उन्हाळ्यात आपल्याकडे घामानं हे स्क्रू गंजतात, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब काडीनं सोड. फडक्यानं पुसून घे, तेल तारेला लागू देऊ नकोस. एम-3 चा एक पूर्ण फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर, हे डोक्यात असलं की तुला मापपट्टीही लागणार नाही.

जुने चार स्क्रू डबीत ठेवलेत, टाकू नकोस. नवीन तारा मात्र मी लावल्या नाहीत, येताना यवतमाळहून 10 नंबरच्या तारांचा संच घेऊन ये. कापूस वेचणी सुरू आहे, मजूर मिळाले तर मी दुपारपर्यंत शेतातच असतो, तेव्हा संध्याकाळच्या एसटीनं ये आणि मुक्कामाला थांब. तारा लावून सॅडल मागेपुढे करून सूर मिळवायला दोघं असलो तर बरं. काकूंना नमस्कार सांग.

तुझा
दिनू