अणुभट्टी कशी चालते, हे बेळगावात शिकवले जावे : उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय उच्च शिक्षण मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूर

महोदय,

साखर कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशनचे काम करून निवृत्त झालेला आणि आता बेळगावात अभियांत्रिकीच्या मुलांना प्रक्रिया नियंत्रण शिकवणारा मी एक मराठी भाषक नागरिक आहे. या पत्राची कन्नड प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. माझी विनंती अशी की, अणुऊर्जेकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रणालींची गतिकी आणि प्रक्रिया नियंत्रण हे विषय सिम्युलेटरवर शिकवणारा अभ्यासक्रम विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या (व्हीटीयूच्या) बेळगावातील ज्ञानसंगम आवारात सुरू करावा.

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुविजेचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात कैगा येथे २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या आहेत आणि ७०० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्यांना २०१७ मध्येच मंजुरी मिळाली आहे. कैगा-१ ने २०१८ अखेर सलग ९६२ दिवस चालून विक्रम केला होता. अशा प्रकल्पांत जाणारी मुले बहुधा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन शाखेची असतात. न्यूट्रॉनचे भौतिकशास्त्र त्यांना पुढे प्रशिक्षणात शिकवले जाते, पण काळाबरोबर बदलणाऱ्या यंत्रणेकडे पाहण्याची दृष्टी मात्र पदवीच्या वर्षांतच घडावी लागते.

ती घडत नाही, कारण परीक्षेत ट्रान्सफर फंक्शन, म्हणजे यंत्रणेला दिलेला बदल आणि तिचा प्रतिसाद यांना जोडणारे समीकरण, तयार दिलेले असते आणि यंत्रणा स्थिर आहे की नाही एवढेच विद्यार्थ्याने ठरवायचे असते. ते समीकरण कोणत्या टाकीतून, कोणत्या पाइपातून, कोणत्या गृहीतकांवर आले, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते मूळ उणीव हीच आहे.

चिकोडी-अथणी भागातल्या कोणत्याही सहवीजनिर्मिती कारखान्याचा बॉयलर गळीत हंगामात पाहावा. टर्बाइनवरचा भार एकदम वाढला की वाफेची ओढ वाढते, ड्रममधला दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पाण्याचे प्रमाण प्रत्यक्षात घटत असतानाही काचेतली पातळी वर चढते. केवळ पातळीवर विसंबलेला कंट्रोलर अशा वेळी फीडवॉटर, म्हणजे बॉयलरला पुरवले जाणारे पाणी, कमी करतो, म्हणजे नेमके उलटे पाऊल टाकतो. म्हणूनच पातळी, वाफेचा प्रवाह आणि फीडवॉटरचा प्रवाह या तिन्हींवर चालणारे थ्री-एलिमेंट नियंत्रण वापरतात. कैगाच्या स्टीम जनरेटरमध्येही पाण्याची पातळी असेच वागते. अमेरिकेत थ्री माइल आयलंड येथे २८ मार्च १९७९ रोजी प्रेशरायझरच्या, म्हणजे भट्टीतल्या पाण्याचा दाब टिकवणाऱ्या टाकीच्या, माथ्यावरचा व्हॉल्व्ह उघडा अडकला, पाणी निसटत राहिले आणि प्रेशरायझरमधली पातळी मात्र वर दिसत होती. तिच्यावर विश्वास ठेवून चालकांनी आपत्कालीन पाण्याचा पुरवठा कमी केला आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. आपल्या मुलांना बॉयलरवर हे एकदा पाहता आले, तर या अपघाताचे कारण त्यांना पाठ करावे लागणार नाही.

अणुभट्टीत आणखी दोन काळमापने येतात. विखंडनातून, म्हणजे अणुकेंद्रक फुटण्यातून, निघणाऱ्या न्यूट्रॉनपैकी युरेनियम-२३५ साठी सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन उशिरा बाहेर पडतात, काही अंशसेकंदांनी तर काही मिनिटभराने. जड पाण्याच्या भट्टीत हे विलंबित न्यूट्रॉन नसते आणि रिॲक्टिव्हिटी, म्हणजे साखळी प्रक्रिया समतोलापासून किती ढळली याचे माप, हजारात एक इतकी वाढली असती, तर शक्ती दर सेकंदाला २.७ पट झाली असती. ते असल्यामुळे तेवढ्याच वाढीला मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. भट्टी माणसाला हाताळता येते ती या थोड्याशा न्यूट्रॉनमुळे, आणि हे मुलांनी स्वतः आलेख काढून पाहावे असे मला मनापासून वाटते. दुसरे माप झेनॉन-१३५ चे. ६.६ तासांच्या अर्धायुष्याच्या आयोडीनपासून ते तयार होते आणि स्वतः ९.१ तासांच्या अर्धायुष्याने क्षय पावते. त्यामुळे भट्टी बंद केल्यावर न्यूट्रॉन गिळणारे हे विष काही तास वाढतच जाते आणि नैसर्गिक युरेनियमवरची भट्टी लगेच सुरू केली नाही, तर दीड दिवसाच्या आसपास थांबावे लागते.

हे सारे शिकवायला महागडी यंत्रसामग्री लागत नाही. सायलॅब किंवा पायथनमध्ये या प्रक्रियांची समीकरणे मांडता येतात, दोन्ही मोफत आहेत आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने अशा सॉफ्टवेअरचे धडे भारतीय भाषांतही दिले आहेत. खर्च लागेल तो शिक्षकांच्या प्रशिक्षणावर, कारण ज्यांनी चालती प्रक्रिया कधी पाहिली नाही त्यांना ती शिकवता येणार नाही. त्यासाठी जिल्ह्यातील साखर कारखाने आणि कैगा प्रकल्प यांच्याशी करार व्हावेत. परीक्षेतही निम्मे गुण विद्यार्थ्याने स्वतः बांधलेल्या मॉडेलला आणि त्यावरच्या तोंडी प्रश्नांना असावेत. खानापूर किंवा निपाणीच्या खेड्यातून मराठी शाळेत शिकून आलेली मुले तोंडी परीक्षेत इंग्रजीला बिचकतात, म्हणून त्यांना मराठीत किंवा कन्नडमध्ये उत्तर देण्याची मुभा असावी.

पहिल्या सत्राचा प्रयोगनिहाय आराखडा मी तयार केला असून तो कन्नड प्रतीसोबत जोडला आहे. तो व्हीटीयूच्या अभ्यास मंडळापुढे ठेवण्याचे निर्देश आपण द्यावेत, ही विनंती.

आपला नम्र,
बेळगावातील एक निवृत्त इन्स्ट्रुमेंटेशन अभियंता