इनॉक पॉवेलच्या गावातून

वुल्व्हरहॅम्प्टन
रविवार, रात्री

प्रिय शिऱ्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या त्यामुळे अर्धं कळलंच नाही, पण "तू त्या इनॉक पॉवेलच्या गावात राहतोस ना, मग सांग की नक्की कसा होता तो" एवढं कळलं. (बाहेरून येणाऱ्यांविरुद्धच्या भाषणामुळे गाजलेला तोच तो ब्रिटिश पुढारी.) दोन ओळीत नाही रे सांगता येणार, म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट म्हणजे तो अडाणी नव्हता. अडाणी असता तर सोपं झालं असतं. 1912 चा जन्म, बर्मिंगहॅमचा, केंब्रिजला ग्रीक-लॅटिनमध्ये बक्षिसांवर बक्षिसं, आणि 25 व्या वर्षी थेट सिडनीला ग्रीकचा प्रोफेसर. त्यातही याला हळहळ कसली, तर जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे 24 व्या वर्षी प्रोफेसर झाला होता! मग युद्ध लागलं तर साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि संपेपर्यंत ब्रिगेडियर.

आणि 1943 मध्ये हा आपल्याकडे आला. तीनेक वर्षं होता, आणि भारताच्या अक्षरशः प्रेमात पडला. उर्दू शिकला, तीही नीट, कामापुरती नाही. डोक्यात एकच, आपण एक दिवस भारताचे व्हाइसरॉय होणार. राजकारणात आला तो मुळात त्यासाठी. 1947 मध्ये ब्रिटिश जाणार हे ऐकलं त्या रात्री म्हणे लंडनच्या रस्त्यांवर रात्रभर चालत राहिला. असाही किस्सा सांगतात की भारत परत जिंकायला किती सैन्य लागेल याचा हिशोब घेऊन हा चर्चिलकडे गेला आणि चर्चिलनं नंतर विचारलं, हा कोण येडा होता. खरं-खोटं देव जाणे, पण शोभतं त्याला.

1950 मध्ये आमच्या इथूनच, वुल्व्हरहॅम्प्टन साऊथ वेस्टमधून, काँझर्व्हेटिव्ह पक्षातर्फे फक्त 691 मतांनी निवडून आला. हा आकडा लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता गोंधळ बघ. 1959 मध्ये केनियात, तेव्हा ती ब्रिटिश वसाहत होती, होला नावाच्या छावणीत पहारेकऱ्यांनी 11 कैदी मारून मारून ठार केले. सरकार याच्याच पक्षाचं, प्रकरण दाबायला निघालेलं, आणि हा मध्यरात्र उलटल्यावर संसदेत उभा राहून म्हणतो की आफ्रिकेत आफ्रिकेचे निकष, आशियात आशियाचे आणि घरी मात्र ब्रिटिश, असं आपल्याला म्हणता येणार नाही. मी ते भाषण वाचलं तेव्हा खरं सांगतो, अंगावर काटा आला. समलिंगी संबंध गुन्हा नको म्हणून यानं मत दिलं, फाशीच्या विरोधात होता. 1960 ते 63 आरोग्यमंत्री होता, तेव्हा इथली हॉस्पिटलं वेस्ट इंडीजच्या नर्सेस आणि भारत-पाकिस्तानच्या डॉक्टरांच्या जिवावर चालत होती आणि याला ते काय माहीत नव्हतं?

आणि तोच माणूस 20 एप्रिल 1968 ला, शनिवारी, बर्मिंगहॅमच्या मिडलंड हॉटेलात उभा राहिला. वंशभेदविरोधी कायद्याचं बिल आलं होतं. भाषणाआधी इथल्या पेपरचा संपादक क्लेम जोन्स, म्हणजे याचा घरोब्यातला मित्र, त्याला हा पॉवेल म्हणाला की हे रॉकेट आहे, बाकीची रॉकेटं खाली पडतात, हे वरच राहणार. भाषण कधी केलं की पेपरात नीट येतं हे याला शिकवलं होतं त्या जोन्सनंच! त्या भाषणानंतर मैत्री संपली दोघांची. (शिऱ्या, आपण गेल्या इलेक्शनला आठ महिने बोललो नव्हतो ते आठवलं.)

भाषणात काय, तर एक मतदार म्हणे याला सांगतो की 15-20 वर्षांत या देशात चाबूक काळ्यांच्या हातात असेल. मग शेवटी रोमन कवी व्हर्जिलची ओळ, टायबर नदी रक्तानं फेसाळलेली दिसतेय म्हणून. गंमत अशी की मूळ काव्यात ते भाकीत एनियसला सांगितलंय, आणि एनियस कोण? जळालेलं ट्रॉय सोडून जहाजातून परक्या किनाऱ्याला निघालेला माणूस! ग्रीक-लॅटिन कोळून प्यायलेल्याला हे दिसलं नसेल? माझं मत, दिसलं असणार. त्याचा हिशोब सरळ होता, साम्राज्य गेलं, आता तुमचं-आमचं नातं संपलं, मग इथे कशाला. आपल्यावर प्रेम होतं त्याचं, पण राज्यासकट.

पक्षाचा नेता हीथ, त्यानं दुसऱ्याच दिवशी काढलं याला शॅडो कॅबिनेटमधून, म्हणजे विरोधी पक्षाच्या प्रति-मंत्रिमंडळातून. पण दोन दिवसांनी लंडनचे गोदी कामगार याच्यासाठी मोर्चा घेऊन संसदेवर गेले, लाखावर पत्रं आली, आणि गॅलपच्या जनमत पाहणीत 74 टक्के लोक म्हणाले बरोबर बोलला. त्याच सुमारास आमच्या इथे बसवाल्या शीख कामगारांचा पगडी-दाढीसाठी झगडा चालू होता, 1969 मध्ये जिंकले ते.

"इनॉक वॉज राइट" अजून ऐकू येतं हां. मागच्या हिवाळ्यात मेधाच्या वॉर्डात एक आजोबा, ती त्यांना औषधं देतेय आणि ते म्हणतात इनॉकचं बरोबरच होतं. मग हिच्याकडे बघून, "नॉट यू लव्ह, यू आर ऑलराइट." घरी येऊन सांगताना ती हसली पण मला हसू आलं नाही, कारण हे वाक्य मी मराठीत ऐकलंय. काका तरुणपणी "हटाव लुंगी, बजाव पुंगी" ओरडत मोर्चात जायचे आणि संध्याकाळी गिरगावात अण्णाच्याच हॉटेलात कॉफी प्यायचे, आणि वर, "अण्णा, तुझ्याबद्दल नाय हं." हे ते आम्हाला हसत सांगायचे, आम्हीपण हसायचो.

पुढचं फार नाही. 1974 मध्ये युरोपच्या प्रश्नावर स्वतःच्याच पक्षाविरुद्ध लेबरला मत द्या म्हणाला, मग उत्तर आयर्लंडमधून खासदार, 1987 ला तिथे हरला, 1998 ला गेला. ब्रिगेडियरच्या युनिफॉर्ममध्येच पुरला त्याला.

हां, तो आकडा. 2010 मध्ये याच मतदारसंघातून याच पक्षाचा पॉल उप्पल निवडून आला, शीख, आईवडील पूर्व आफ्रिकेतून आलेले. किती मतांनी? 691. मी दोनदा तपासलं.

दिवाळीत येतोय, तिकीट झालं. काकांकडे गेलास तर त्यांना एक विचारून ठेव, अण्णाचं हॉटेल बंद झालं मग अण्णा गेला कुठे. मला कधी विचारायचं सुचलंच नाही.

तुझा,
बाळ्या