पक्यास, अंधुक पडद्याबद्दल

प्रिय पक्या,

तीन महिने पत्र नाही, मान्य. शिव्या भेटीत घाल. गुडघा बरा आहे, बीपी जाग्यावर आहे.

रविवारी सुपरहिरोचा नवा पिक्चर पाहिला. शेजारी दिन्या, म्हणजे कुणी नसल्यात जमा. रात्रीची मारामारी सुरू झाली आणि खलनायकाचा काळा झगा मागच्या भिंतीत विरघळला. दिन्या म्हणतो, "रात्र आहे, अंधारच असणार." तू असतास तर आधी मान वळवून प्रोजेक्टरची खिडकी बघितली असतीस. मी बघितली. एकावर एक दोन झोत! आणि शो टूडी.

म्हणजे थ्रीडीची जोडलेन्स तशीच ठेवलेली. वरच्या झोतात एका डोळ्याचं चित्र, खालच्यात दुसऱ्याचं, दोन्हींपुढे ध्रुवीकरणाची काच, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारी. ती काच उजेड गिळते. टूडीला पडद्यावर 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) उजेड हवा. थ्रीडीत चष्म्यासकट 3-4 मिळाला तरी चालवून घेतात. लेन्स बदलायची तर मशीन उघडा, पुन्हा जुळवा. शो लागोपाठ असले की कोण करतो?

बाहेर जाऊन सांगितलं, तर उत्तर आलं, "प्रिंटच तशी आहे." अरे, हार्ड डिस्कवरून चालणाऱ्या पिक्चरला कसली प्रिंट!

पण माझा जीव अडकलाय तो यात नाही. परत येऊन बसलो आणि दहा मिनिटांत डोळे सरावले. चित्र ठीक वाटायला लागलं, पक्या! डोळा अंधाराला जुळवून घेतो आणि तक्रार आपोआप मिटते. सगळं सभागृह असंच मिटलेलं होतं. आपल्यालाही कधीतरी खटकेनासं होणार, अशी धास्ती बसलीय. एकट्याला तर फार लवकर. दोघं असलो की निदान एक जण कुरकुरत राहतो (बहुधा तू).

आवाजाचंही तेच. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, 0 ते 10, त्यात 7 म्हणजे पिक्चरचे आवाज एकत्र जुळवताना (मिक्सिंग) ठेवलेली प्रमाण पातळी. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश, लोक ओरडतात, मग तो 5 वर किंवा त्याखाली आणतात आणि पिक्चर सुरू झाल्यावर वर न्यायचं विसरतात. स्फोट तरीही दणकतात. जातात ती कुजबुजीतली वाक्यं. संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून बाजूच्या टोकाच्या खुर्चीवर ते आणखी मार खातात.

खुर्चीवरून तुझं-माझं भांडण जुनंच. चौथ्या रांगेचा हट्ट आता तरी सोड. पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतरावर चित्र नजरेच्या सुमारे 37 अंशांत मावतं, रुंदीइतक्या अंतरावर 53 अंशांत आणि तुझ्या लाडक्या जागेवर, म्हणजे निम्म्या अंतरावर, 90. तिथे उडणारा नायक बघायला मान फिरवावी लागते, आणि तोवर तो पोचलेला असतो. साधारण दोन-तृतीयांश मागे, मधोमध. ध्वनीची जुळवणीही साधारण तिथलीच. आयमॅक्स असेल तर दोन रांगा पुढे ये, तेवढी सवलत. अ‍ॅव्हेंजर्सचा 'एंडगेम' सगळा आयमॅक्सच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झाला. साध्या पडद्यावर त्याची चौकट (रुंदी:उंची) 2.39:1 होती, आयमॅक्सला 1.90:1, म्हणजे रुंदी तीच धरली तर उंची सव्वापट. त्या वेळी तू बरोबर होतास. लेखी देतोय, फाडून टाक.

तुझी नवी नोकरी लागली हे कळलं, अभिनंदन. छकुली चालायला लागली म्हणे! वहिनींना नमस्कार.

तर पुढच्या महिन्याचा तो मोठा पिक्चर तू आल्यावरच. टूडीचं तिकीट काढतो. उजेडाची कटकट निम्मी तिथेच मिटते. पंधरा मिनिटं आधी पोचायचं. ट्रेलरमध्ये खिडकी बघायची. दोन झोत दिसले की डोळे सरावण्याआधी तू दाराकडे, मी खुर्च्यांवर रुमाल टाकून बसतो. "मशीनवरच्या माणसाला बोलवा" एवढंच म्हण, तिकीट फाडणाऱ्याशी वाद घालू नकोस. नावं संपेपर्यंत उठायचं नाही, हे तुला सांगायला नकोच. 'एंडगेम'ची 181 मिनिटं संपेपर्यंत बसून राहिलो आणि मिळाली नुसती हातोड्याची ठकठक. त्यावरून तू आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतास.

दिन्याही येतो म्हणतोय. त्याला टोकाची खुर्ची.

तुझा,
मन्या